सोर्सचा गठ्ठा बांधताना

प्रश्न : जालन्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. मोसंबीच्या बागांसाठी ठिबकचे कंट्रोलर बनवतो. आत लिनक्स, बिझीबॉक्स (लिनक्सच्या नेहमीच्या आज्ञांचा छोटा संच) आणि आमचा स्वतःचा प्रोग्राम; सगळं बिल्डरूट या लिनक्स प्रणाली बांधायच्या साधनानं तयार केलेलं. अंबडच्या एका बागायतदाराच्या मुलानं सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मागितलाय. चिपवाल्या कंपनीची लिंक पाठवली तर भागेल का? आमचा प्रोग्रामही द्यावा लागेल का?
– एक वाचक, जालना

उत्तर : लिंकवर भागणार नाही. लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि बिझीबॉक्स दोन्ही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतात. दुसऱ्याकडून मिळालेलं सोर्सचं आश्वासन तसंच पुढे सरकवायची मुभा त्यात आहे, पण ती फक्त विनाव्यापारी वाटपाला. तुम्ही बिल फाडून विकता, तेव्हा सोर्स तुम्हीच द्यायचा. शिवाय त्या लिंकवरचा कर्नल तुमच्या फर्मवेअरमधलाच (यंत्रात भरलेल्या सॉफ्टवेअरमधलाच) असेल याचा काय भरवसा?

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, यंत्रासोबतच सोर्स देणं. दुसरी, मागेल त्याला, मग तो तुमचा गिऱ्हाईक असो वा नसो, किमान ३ वर्षं सोर्स देऊ असं लेखी देणं. त्यासाठी पेनड्राइव्ह आणि टपालाच्या खर्चापेक्षा जास्त घेता येत नाही. आमचं ऐकाल तर खोक्यातच पेनड्राइव्ह टाका. दर बॅचची ३ वर्षं मोजत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता गठ्ठा. बिल्डरूटमध्ये ‘मेक लीगल-इन्फो’ चालवलं की आउटपुटच्या फोल्डरात लीगल-इन्फो नावाचं फोल्डर तयार होतं: पॅकेजांची यादी, मूळ टारबॉल (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइली), त्यांवरचे पॅच (बदल), परवान्यांचे मजकूर आणि तुमचं कॉन्फिग. बरेच जण हेच झिप करून पाठवतात आणि तिथंच फसतात. त्यात बिल्डरूट स्वतः नसतं. तुमच्या बदलांसकट ते वेगळं घालावं लागतं. आणि ज्या पॅकेजची सोर्स पद्धत ‘लोकल’ (आपल्याच संगणकावरची) आहे किंवा ज्याला ओव्हरराइड लावलाय (म्हणजे ठरलेल्या सोर्सऐवजी आपल्या फोल्डरातला वापरलाय), त्याचा सोर्स गोळाच होत नाही, रीडमीमध्ये फक्त एक इशारा उमटतो. समजा, रिले बोर्डासाठी कर्नलचा ड्रायव्हर बदलताना तुम्ही ओव्हरराइड लावून काम केलं. मग गिऱ्हाईकाला नेमका तो बदललेला कर्नलच मिळत नाही. म्हणून रीडमीतले इशारे एकेक करून वाचा.

परवान्यात ‘संकलन आणि इन्स्टॉलेशन नियंत्रित करणाऱ्या स्क्रिप्ट’ असे शब्द आहेत. म्हणजे कर्नलचं डॉट-कॉन्फिग, डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन), इमेज (यंत्रात भरायची तयार फाइल) जोडणारी शेलस्क्रिप्ट, सगळं आलं. खात्री करायची तर चिपचं एसडीके (प्रोग्राम बांधायची साधनं) कधीच न बसवलेल्या संगणकावर गठ्ठा उघडा आणि फक्त तुमच्या सूचना वाचून इमेज बनवा. ‘फाइल सापडत नाही’ असं आलं, तर ती फाइल बहुधा कुणाच्या तरी होम फोल्डरात राहिलेली असते. गठ्ठ्याच्या नावात फर्मवेअरचा क्रमांक घाला, १.४ च्या यंत्राला १.५ चा सोर्स चालत नाही.

तुमचा स्वतःचा प्रोग्राम कर्नलशी नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून (कर्नलकडे काम मागायच्या ठरलेल्या वाटेनं) बोलत असेल, तर तेवढ्यानं तो खुला करावा लागत नाही. कर्नलसोबतच्या परवान्याच्या टिपेतच तसं लिहिलंय. पण एलजीपीएलची (जीपीएलच्या सौम्य भावंडाची) लायब्ररी स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलीतच मिसळून, जोडली असेल, तर ती बदलून पुन्हा जोडता येईल अशा ऑब्जेक्ट फाइल द्याव्या लागतात. डायनॅमिक, म्हणजे वेगळी ठेवून चालताना, जोडा, ही कटकटच मिटते.

प्रश्न : डेबियन या लिनक्स वितरणासाठी एका मराठी शब्दकोश-प्रोग्रामचं पॅकेज बनवतेय. मूळ टारबॉलमध्ये मिनिफाय केलेली (आकार कमी करायला आवळलेली) जावास्क्रिप्ट आहे आणि तिचा मूळ सोर्स नाही. काय करू?
– विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : मिनिफाय केलेली फाइल म्हणजे दळलेलं पीठ, बदल त्यात करत नाहीत, म्हणून डेबियन तिला सोर्स मानत नाही. नुसता पॅच लावून ती वगळू नका, टारबॉलमध्ये राहतेच. डेबियन/कॉपीराइट फाइलीत ‘फाइल्स-एक्सक्लुडेड’ला तिचा मार्ग लिहा, यूस्कॅन हे डेबियनचं साधन तिला काढून टारबॉल पुन्हा बांधतं. आवृत्तीला ‘+डीएफएसजी’ (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर निकषांचं लघुरूप) शेपूट जोडा. तीच लायब्ररी डेबियनमध्ये आधीच असेल, तर तिच्यावर अवलंबित्व टाका.

प्रश्न : ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणजे फुकटच द्यायचं का?
– एक दुकानदार, लातूर

उत्तर : नाही. प्रत कितीलाही विका.