'रेट्रिब्यूशन' म्हणजे सूड का? 'इंडाइट' म्हणजे दोषी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतल्या राजकीय हिंसाचाराच्या आणि खटल्यांच्या बातम्या मराठीत लिहिताना 'रेट्रिब्यूशन'ला सूड म्हणावं का? एखादा 'इंडाइट' झाला म्हणजे दोषी ठरला का? 6 जानेवारी 2021 रोजी जमाव अमेरिकी संसद भवनात, म्हणजे कॅपिटॉलमध्ये, घुसला, त्या घटनेला उठाव म्हणायचं की दंगल? 'सेडिशस कॉन्स्पिरसी' म्हणजे देशद्रोह का? आणि तिथल्या 'शेरीफ'ला मराठी शब्द आहे का?

सुरुवात सूडापासून. या भावनेसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. सूड उगवतात, बदला घेतात, उट्टं काढतात, वचपा काढतात, डूख धरतात. डूख म्हणजे मनात धरून ठेवलेला दंश, तो कृतीत येईलच असं नाही. वचपा हरलेल्याने भरून काढायचा असतो, म्हणून तो क्रिकेटच्या बातमीतही चालतो. सूड सगळ्यांत जहाल, आणि त्याला कायद्याची चाड नसते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: ज्याला दुखावलं तोच उलटा वार करतो. 'रेट्रिब्यूशन'मध्ये ही अट नाही. केल्या कर्माची रास्त शिक्षा, मग ती देव देवो, न्यायालय देवो वा राज्य देवो, असा त्याचा जुना अर्थ आहे. दंडशास्त्रात शिक्षेचे हेतू सांगताना जरब आणि सुधारणा यांच्या शेजारी हाच शब्द येतो.

4 मार्च 2023 रोजी मेरीलँडमधल्या पुराणमतवाद्यांच्या परिषदेत डोनाल्ड ट्रम्प यांनी हा शब्द उच्चारला. मी तुमचा योद्धा आहे, मी तुमचा न्याय आहे, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला, ज्यांचा विश्वासघात झाला त्यांचं 'रेट्रिब्यूशन' मी आहे, अशी ती रचना होती. समर्थकांना त्यात न्याय ऐकू आला, विरोधकांना धमकी. 'सूड' लिहिलं की फक्त विरोधकांचा कान उरतो, 'न्याय' लिहिलं की फक्त समर्थकांचा. माझ्या मते इथे 'हिशेब चुकता करणं' हा वाक्प्रचार सर्वांत चपखल बसतो. देणं फेडण्याचा साधा अर्थ त्यात आहे आणि 'तुझा हिशेब चुकता करतो' म्हणताना येणारी धारही आहे. म्हणजे 'ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या वतीने हिशेब चुकता करणारा मी आहे.'

'सूड' वर्ज्य करा असं मात्र मी म्हणत नाही. तो ज्याच्या तोंडचा आहे त्याच्या तोंडी ठेवावा. 20 सप्टेंबर 2025 रोजी ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर तेव्हाच्या अॅटर्नी जनरल (न्याय खात्याच्या मंत्री) पॅम बाँडी यांना उद्देशून लिहिलं आणि जेम्स कोमी, डेमोक्रॅटिक सिनेटर अॅडम शिफ, न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स या आपल्या विरोधकांवर कारवाई का होत नाही असा सवाल केला. पाचच दिवसांनी एफबीआयचे माजी संचालक कोमी यांच्यावर आरोप ठेवले गेले. 'ही सूडबुद्धीने केलेली कारवाई आहे, असं डेमोक्रॅट म्हणतात', हे वाक्य बरोबर आहे. 'ट्रम्प यांनी सूड उगवला' हे बातमीदाराचं मत झालं. ते अग्रलेखात शोभेल. (लेखनाबद्दल एक सूचना: सूड दीर्घ, पण सुडाचं, सुडाने ऱ्हस्व. सूडबुद्धी हा समास, त्यात दीर्घच, आणि तो जोडून लिहावा.)

याच प्रकरणांत 'व्हिंडिक्टिव्ह प्रॉसिक्यूशन' असा शब्द येतो. हा भाषणातला शब्द नाही, आरोपीने न्यायालयात घ्यायचा बचाव आहे. आपला कायदेशीर हक्क बजावल्याचा राग धरून सरकारने खटला भरला, असं त्यात दाखवावं लागतं. 'आकसाने भरलेला खटला' हा त्याला चांगला मराठी पर्याय आहे. जोडीला 'सिलेक्टिव्ह' आलं तर 'तशाच इतरांना सोडून यालाच धरलं' असं सरळ लिहावं.

'वेपनायझेशन'चं 'शस्त्रीकरण' कृपा करून करू नका. निःशस्त्रीकरण हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहे, त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे थेट क्षेपणास्त्रं उभी राहतात. 'न्याययंत्रणेचं हत्यार करणं' एवढं पुरे. हा आरोप दोन्ही बाजू करतात, हेही वाक्यात दिसायला हवं. जानेवारी 2023 मध्ये प्रतिनिधिगृहातल्या रिपब्लिकनांनी या नावाची उपसमिती नेमली, 20 जानेवारी 2025 रोजी ट्रम्प यांनी याच नावाचा आदेश काढला, आणि कोमी प्रकरणापासून तोच शब्द डेमोक्रॅट ट्रम्प यांच्यावर उलटवत आहेत.

आता 'इंडाइट'. सर्वाधिक चुका इथेच होतात, आणि त्या माणसाच्या अब्रूशी निगडित आहेत. केंद्रीय कायद्यात 'इंडाइट' करते ती ग्रँड ज्युरी, आणि ती 16 ते 23 नागरिकांची असते. तिच्यापुढे फक्त सरकारी वकील पुरावा मांडतो. आरोपीचा वकील आत नसतो, न्यायाधीशही नसतो, कामकाज गुप्त असतं. आरोप ठेवण्याइतपत सकृद्दर्शनी आधार आहे असं किमान 12 जणांना वाटलं, तर आरोप मंजूर होतो. गुन्हा केला की नाही हा प्रश्न तिथे सुटतच नाही. त्यानंतर न्यायालयात आरोप वाचून दाखवतात, आरोपी ते कबूल किंवा नाकबूल करतो, मग खटल्याची 12 जणांची वेगळी ज्युरी बसते. तिचा एकमताने निकाल आला की माणूस दोषी किंवा निर्दोष. शिक्षा त्यानंतर न्यायाधीश ठरवतो.

आपल्याकडचं 'आरोपपत्र' पोलीस दाखल करतात आणि 'आरोप निश्चिती' न्यायालय करतं. अमेरिकी पायरी या दोन्हींशी तंतोतंत जुळत नाही. 'ठपका ठेवला' तर मुळीच नको, तो चौकशी आयोगाच्या अहवालातला शब्द आहे. 'ग्रँड ज्युरीने आरोप मंजूर केले' असं लिहावं. या क्रियापदाचा आणखी एक फायदा म्हणजे नकारही नीट सांगता येतो. कोमी यांच्यावर सरकारी वकिलाने तीन आरोप मागितले होते. ग्रँड ज्युरीने दोन मंजूर केले, एक फेटाळला. 24 नोव्हेंबर 2025 रोजी न्यायाधीशांनी कोमी आणि लेटिशिया जेम्स या दोघांवरचे खटले रद्द केले, कारण आरोप मागणाऱ्या सरकारी वकिलाची नेमणूकच बेकायदा ठरली. याला 'निर्दोष मुक्तता' म्हणणं चूक आहे. पुन्हा आरोप मागण्याची दारं तत्त्वतः उघडी होती. सरकारने डिसेंबरमध्ये जेम्स यांच्याबाबत तसा प्रयत्न केलाही, आणि ग्रँड ज्युरींनी दोनदा नकार दिला. ट्रम्प यांच्यावरचा 2020 च्या निवडणुकीबाबतचा केंद्रीय खटला नोव्हेंबर 2024 मध्ये असाच, पुन्हा भरण्याची मुभा ठेवून, रद्द झाला होता. तिथेही 'निर्दोष' लिहिणं तितकंच चूक. न्यूयॉर्कमध्ये मात्र 30 मे 2024 रोजी ज्युरीने त्यांना 34 आरोपांत दोषी धरलं. तिथे 'दोषी' हाच शब्द हवा, तो सौम्य करू नये.

'पार्डन'साठी 'माफी' चालते, पण 'ट्रम्प यांची माफी' या शब्दांत माफी कुणी मागितली आणि कुणी दिली हे कळत नाही. 'माफी दिली' किंवा 'क्षमादान' लिहावं. ते 'शिक्षा कमी करणं' यापासून वेगळं ठेवावं. 20 जानेवारी 2025 रोजी कॅपिटॉल प्रकरणातल्या सुमारे 1,500 जणांना क्षमादान मिळालं, 14 जणांची फक्त शिक्षा कमी झाली. प्राउड बॉइज या अतिउजव्या गटाचे एन्रिके टॅरिओ यांना 22 वर्षांची शिक्षा होती, त्यांना क्षमादान मिळालं. ओथ कीपर्स या तशाच गटाचे स्ट्युअर्ट ऱ्होड्स यांना 18 वर्षांची होती; ते सुटले, पण दोषसिद्धी तशीच राहिली. दोघांना एकाच वाक्यात 'माफी' लिहिलं तर हा फरक बुडतो. अध्यक्षाचं क्षमादान फक्त केंद्रीय गुन्ह्यांना लागू असतं. न्यूयॉर्कमधली ती 34 आरोपांची दोषसिद्धी राज्याच्या कायद्याखालची असल्याने त्याच्या कक्षेबाहेर आहे.

ऱ्होड्स आणि टॅरिओ ज्या गुन्ह्यात दोषी ठरले तो 'सेडिशस कॉन्स्पिरसी'. त्याला 'देशद्रोह' म्हणू नये, कारण हा शब्द आता सभेतली शिवी झाला आहे. 'राजद्रोह' थोडा जवळचा आहे, पण मराठी वाचकाला तो शब्द ऐकताच टिळक आठवतात. 1908 साली ज्युरीने 7 विरुद्ध 2 मतांनी त्यांना दोषी धरलं आणि 6 वर्षांची शिक्षा झाली, ती लेखांसाठी. अमेरिकी गुन्ह्याला नुसतं लेखन किंवा भाषण पुरत नाही. दोन किंवा अधिक माणसांचा कट लागतो, आणि सरकार उलथवण्यासाठी, त्याच्या अधिकाराला विरोध करण्यासाठी किंवा कायद्याची अंमलबजावणी रोखण्यासाठी बळ वापरण्याचा बेत लागतो. कमाल शिक्षा 20 वर्षं. आपल्या कायद्यात याच्या जवळ जाणारं कलम जुन्या दंडसंहितेतलं 121अ, म्हणजे आताच्या न्याय संहितेतलं 148. मराठीत 'सरकारविरुद्ध बळाचा कट' म्हटलं की मुद्दा पोचतो.

मग 6 जानेवारीला काय म्हणायचं? 'उठाव' नको. 1857 ला इंग्रजांनी बंड म्हटलं, आपण ते खोडून उठाव म्हटलं. तेव्हापासून हा शब्द मानाचा आहे. 'बंड' आता पक्षफुटीपुरतं उरलं आहे, तिकीट न मिळालेला उमेदवारही बंडखोरच. 'दंगल'मध्ये दोन जमाव डोळ्यांपुढे येतात. जमावाने संसद भवनात घुसून पोलिसांना मारहाण केली, या कृतीचं वर्णन 'कॅपिटॉलवरचा हल्ला' यात पूर्ण होतं. 'इन्सरेक्शन' हा शब्द प्रतिनिधिगृहाने ट्रम्प यांच्यावरच्या 13 जानेवारी 2021 च्या महाभियोगात वापरला. तिथे 'सशस्त्र बंडाला चिथावणी' लिहू नका, मूळ ठरावात 'सशस्त्र' नाही. 'सरकारविरुद्ध बंडाला चिथावणी' लिहा. सिनेटमध्ये 57 विरुद्ध 43 मतं पडली, दोषी ठरवायला लागणारी दोन तृतीयांश झाली नाहीत. शिवाय हल्लेखोरांपैकी कुणावरही त्या नावाच्या कलमाखाली खटला भरलेला नाही, त्यामुळे 'बंडाच्या गुन्ह्यात शिक्षा' असं कुठेही येता कामा नये.

हत्यांबाबत मी आग्रही आहे. 14 जून 2025 रोजी मिनेसोटात डेमोक्रॅटिक लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती मार्क यांना घरात गोळ्या घातल्या गेल्या. 10 सप्टेंबर 2025 रोजी युटामधल्या विद्यापीठात ट्रम्प-समर्थक कार्यकर्ते चार्ली कर्क यांना. दोन्हीकडे 'हत्या' हाच शब्द हवा. एका ठिकाणी 'हत्या' आणि दुसऱ्या ठिकाणी 'मृत्यू' लिहिलं की पक्ष दिसतो. 'सदोष मनुष्यवध' ही कायद्याची संज्ञा सोडली, तर 'वध' मराठीत दुष्टाचा होतो, कीचकाचा, अफजलखानाचा. गांधीहत्येला 'गांधीवध' म्हणणारे कोण आणि का, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पकडलेल्या माणसाच्या नावापुढे निकालापर्यंत 'आरोपी' लिहावं. 'मारेकरी' अज्ञाताला चालतो, नाव घेऊन नाही.

राहिली पदं. 'लॉ एन्फोर्समेंट'ला बहुतेक वाक्यांत 'पोलीस' पुरतं; एफबीआय (केंद्रीय तपास यंत्रणा), आयसीई (स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा) यांना त्यांच्या नावानेच लिहावं. मुंबईच्या शेरीफला 'नगरपाल' म्हणतात, पण ते मानाचं पद आहे, त्याला अधिकार नाहीत. अमेरिकी काउंटीचा शेरीफ बहुतेक ठिकाणी निवडून येतो, सशस्त्र पोलीस चालवतो आणि तुरुंगही सांभाळतो. ऑगस्ट 2023 मध्ये ट्रम्प यांचं छायाचित्र काढलं गेलं ते जॉर्जियातल्या फुल्टन काउंटीच्या शेरीफच्याच तुरुंगात. म्हणून 'शेरीफ' तसाच ठेवावा. 'अॅटर्नी जनरल'चंही भाषांतर नको. आपला महान्यायवादी सरकारचा वकील असतो, तिथला अॅटर्नी जनरल न्याय खात्याचा मंत्री, आणि एफबीआय त्याच्या हाताखाली. लेटिशिया जेम्स न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरल आहेत. त्यांना 'महाधिवक्ता' केलं की त्या राज्यपालांनी नेमलेल्या वाटतात. प्रत्यक्षात त्या डेमोक्रॅटिक पक्षाकडून निवडून आल्या, आणि 2022 मध्ये ट्रम्प यांच्यावर त्यांनीच दिवाणी दावा लावला. हा संदर्भ गेला तर त्यांच्यावरच्या खटल्याला एक बाजू सूड आणि दुसरी जाब का म्हणते, ते वाचकाला कळणार नाही.