काचेच्या दुहेरी भिंतीतील उष्णता: विषय अरुंद आहे का?

प्रश्न: मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हवा खेळती ठेवणाऱ्या काचेच्या दर्शनी भिंतींमधील उष्णतेचे संगणकीय प्रारूप, हा विषय तिला एम.टेक.साठी घ्यायचा आहे. एवढ्या अरुंद विषयावर नोकरी मिळेल का? – एक पालक, सांगली

उत्तर: आपली काळजी रास्त आहे, मात्र विषयाचे नाव अरुंद असले, तरी त्यामागचे शास्त्र तसे नाही. अशा भिंतीत काचेचे दोन पडदे असतात आणि मधल्या पोकळीत बहुधा पट्ट्यांचा पडदा बसवलेला असतो. उन्हाने पट्ट्या तापल्या की त्यांच्या लगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या झडपेतून बाहेर पडते. हवेचा वेग तापमानावर आणि तापमान हवेच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे दोन्हींची समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात, आणि खरी कसोटी तिथेच लागते. इमारतीला लागणाऱ्या ऊर्जेचे गणित करणाऱ्या एनर्जीप्लससारख्या संगणक प्रणालीत वर्षाच्या 8760 तासांचा हिशेब मांडता येतो. पोकळीतला प्रवाह बारकाईने पाहायचा, तर ओपनफोमसारखी सीएफडी, म्हणजे हवा-पाण्याच्या प्रवाहाचे संगणकावर गणित करणारी, प्रणाली लागते.

फ्रँकफुर्टच्या कॉमर्झबँक इमारतीत 1997 पासून अशी दुहेरी भिंत आहे. मुंबईत तिची नक्कल करून भागणार नाही, कारण इथे पोकळीत शिरणारी हवाच मुळात उष्ण आणि दमट असते. म्हणूनच आपल्या हवामानासाठी हे काम नव्याने करणाऱ्यांची गरज आहे. दर्शनी भिंतींचे सल्लागार, वातानुकूलन कंपन्या, काच उत्पादक आणि हरित इमारतींचे मूल्यांकन करणाऱ्या संस्था इथे हे कौशल्य उपयोगी पडते. 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही बाह्य आवरणासाठी निकष आहेत. उद्या काचेचे काम नकोसे झाले, तरी तेच उष्णता-संक्रमण बॅटरी किंवा डेटा सेंटर थंड राखण्याच्या कामी येते.

माझी हरकत वेगळीच आहे. रंगीत तापमान-चित्रे काढणे हल्ली फार सोपे झाले आहे आणि मुले त्यांवरच समाधान मानतात. शोषलेले ऊन, हवेने वाहून नेलेली उष्णता आणि आत-बाहेर गेलेली उष्णता यांचा ताळेबंद कागदावर जुळवता आल्याशिवाय त्या चित्रांना अर्थ नाही. त्यामुळे विषय नक्की करण्यापूर्वी तिने मार्गदर्शक प्राध्यापकांना एकच विचारावे: प्रारूप पडताळण्यासाठी प्रत्यक्ष मोजमापे कुठून मिळणार? डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठात अशा भिंतींवर पूर्णाकृती प्रयोग झालेले आहेत, त्यांचा आधार घेता येईल. याचे उत्तर समाधानकारक मिळाले, तर तिला खुशाल होकार द्यावा.