बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ ५६०० प्रोसेसर टाकण्याआधी बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट कसं करावं? मध्येच लाइट गेली तर?

जुना प्रोसेसर काढायच्या आधीच अपडेट उरका. बी४५० चिपसेट २०१८चा, ५६०० आला २०२२मध्ये. जुन्या बायोसला तो ओळखताच येत नाही आणि स्क्रीन काळी राहते.

फाइल बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजन असू शकतात आणि दोन्हींची फाइल वेगळी असते, म्हणून बोर्डवर छापलेला रिव्हिजन नंबर टॉर्च मारून वाचा. फाइलसोबतची टीपही वाचा, कधीकधी मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते.

पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करून फाइल अनझिप करून टाका आणि बायोसमधल्याच फ्लॅश टूलने (नवं बायोस बोर्डवर लिहिणाऱ्या सोयीने) अपडेट करा. विंडोजमधून करायची सोयही असते, पण मध्येच विंडोज अडकलं तर पंचाईत, म्हणून मी ती सुचवणार नाही. ओव्हरक्लॉक केलं असेल (प्रोसेसर किंवा रॅम ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवत असाल) तर आधी डिफॉल्ट सेटिंग लोड करा. बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, नाहीतर प्रोसेसर बदलल्यावर विंडोज तीच मागत बसेल.

लाइटची भीती रास्त आहे. बायोस लिहिणं अर्धवट राहिलं तर बोर्ड सुरूच न होण्याची शक्यता असते. यूपीएस लावा, नसेल तर मित्राचा आणा, आणि वादळी पावसात हा उद्योग नको. बोर्डला फ्लॅशबॅकचं बटण (पेन ड्राइव्हवरून थेट बायोस टाकणारं) असेल तर बिघडलेलं बायोस बहुधा त्यातून परत टाकता येतं, पण बऱ्याच स्वस्त बी४५० बोर्डांना ते नसतं.

अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाबरून पॉवरचं बटण दाबू नका.