वाढत्या वयाच्या खेळाडूची पारख : एका विद्यार्थिनीस पत्र

विश्रामबाग, सांगली

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे दोन अहवाल मिळाले. ओंटारिओतील एका कनिष्ठ संघासाठी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे आइस हॉकीचे सामने पाहायचे आणि कोणता मुलगा पुढे जाईल याविषयी टिपणे लिहायची, असे काम तुला शिकता शिकता मिळाले, हे वाचून आनंद झाला. माझा बर्फाशी संबंध जत्रेतल्या गोळ्यापुरताच असला, तरी तुझे पत्र आल्यापासून मी रात्री बसून या खेळाचे बरेच सामने पाहिले आणि जमेल तेवढे वाचले. शाळेचे मैदान आणि तालमीचा हौदा यांत तीस वर्षे मुले निवडताना ज्या चुका माझ्या हातून झाल्या, त्या तुझ्या खेळातही तशाच होत असतात, हे ध्यानात आल्यावर मात्र उत्तर लिहायला धीर आला.

तुझ्या दोन्ही अहवालांत उंची, वजन, गोल, पास हे सर्व आहे. जन्मतारीख मात्र कुठेही नाही. उंच बचावपटूला तू ‘शरीराने वरचढ’ म्हटले आहेस आणि लहान चणीच्या सेंटरला, म्हणजे आघाडीच्या मधल्या खेळाडूला, ‘हुशार, पण अंगाने कमी’. खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंड घ्यायला गेलेला शेतकरी जनावराची उंची पाहण्याआधी त्याचे दात पाहतो, कारण आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेला, खोंड आणि त्याहून मोठा दोन दाती खोंड शेजारी उभे करून मोठा कोण हे विचारण्यात काही अर्थ नसतो. मुलांची तुलना जनावरांशी करू नये हे खरे. पण मुलांच्या बाबतीत आपण त्या शेतकऱ्याएवढीही काळजी घेत नाही. कॅनडात वयोगटाची रेघ १ जानेवारीला ओढली जाते. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात आणि नऊ-दहा वर्षांच्या वयात ते अकरा महिन्यांचे अंतर फार मोठे असते. कनिष्ठ हॉकीच्या वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते आणि अखेरच्या तीन महिन्यांतले फार थोडे उरतात, हे रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. थोराड मुलगा निवडला जातो, त्याला चांगला कोच आणि अधिक सराव मिळतो, आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. मग निवडणारा म्हणतो, बघा, माझी पारख बरोबर होती.

याच्या पुढचा भाग तुझ्या कामाला अधिक उपयोगी आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाने तरुण खेळाडू निवडून घेण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, घेतलेल्या कॅनडाच्या खेळाडूंची पुढची कारकीर्द तपासली, तेव्हा असे दिसले की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या ड्राफ्टमधल्या क्रमांकावरून जेवढी अपेक्षा असे, त्याहून अधिक यशस्वी ठरले होते. म्हणजे वयाने लहान असूनही जे चाळणीत टिकून राहिले, त्यांची किंमत चाळणाऱ्यांनी सतत कमी लावली होती. तेव्हा त्या सेंटरची जन्मतारीख काढ. तुझ्याकडे ती निदान खात्रीची मिळेल. इकडे माझ्या काळातल्या हजेरीपटावर निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचा असे, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटे. मी कोणत्या मुलाला त्याच्या वयापेक्षा मोठा समजलो आणि कोणाला लहान, याचा हिशेब आता लागणार नाही.

माझी एक चूक सांगतो. तेरा वर्षांखालील मुलांची निवड होती. एका मुलाला मिसरूड फुटलेली, मनगट माझ्या मनगटाएवढे. समोर येईल त्याला तो नुसत्या अंगाच्या जोरावर खाली घेत होता. त्याच गटात दुसरा एक काटकुळा मुलगा तीन कुस्त्या हरला; पण पहिल्या कुस्तीत ज्या डावावर तो चीत झाला, तो डाव तिसऱ्या कुस्तीत त्याच्यावर लागला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिले आणि तरीही पहिल्याला घेऊन दुसऱ्याला घरी पाठवले. सतराव्या वर्षी बाकीची मुले अंगाने भरली, तेव्हा पहिल्याजवळ जोराखेरीज काहीच नव्हते, कारण जोर पुरत असताना डाव शिकण्याची गरज त्याला कधी पडलीच नव्हती. दुसरा मुलगा दुसऱ्या तालमीत गेला आणि पुढे आमच्याच पोरांना अस्मान दाखवत राहिला.

म्हणून जन्ममहिन्याच्या पुढे जाऊन मुलाचे शरीर वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हेही पाहावे लागते. मुलांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. पण एखाद्याची वाढ बाराव्या वर्षीच होऊन जाते आणि एखाद्याची सोळाव्यापर्यंत लांबते. या वाढीच्या ऐन भरात हातपाय ऐकत नाहीत आणि कालपर्यंत सफाईने वळणारा मुलगा अडखळू लागतो; अशा वेळी त्याला ‘बेडौल’ असा शेरा देणे म्हणजे हिरवा आंबा चाखून झाडाला नावे ठेवण्यासारखे आहे. आई-वडिलांची उंची विचार, गेल्या वर्षभरात मुलगा किती वाढला ते विचार, बुटांचा नंबर बदलला का तेही विचार. तुझा उंच बचावपटू दोन वर्षांत अर्धा इंचही वाढलेला नसेल, तर आज त्याच्याजवळ जे वरचढपण आहे ते कमी होत जाणार आहे, हे अहवालात यायला हवे.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. तू खो-खो खेळलेली आहेस, त्यामुळे हे तुला चटकन कळेल. पाटीवर बसलेला खेळाडू खो मिळाल्यावर किती वेगाने उठतो हे सर्वांना दिसते, पण आपल्याला खो मिळणार हे त्याने आधी किती लवकर ओळखले होते, हे फक्त जाणकाराला दिसते. तुझ्या खेळातही तसेच आहे. पकवर, म्हणजे त्या रबरी चकतीवर, सगळ्यांची नजर असते. तुझी नजर ज्याच्याकडे पक नाही त्या मुलावर हवी. एका सामन्यात एकच मुलगा निवड आणि तो बर्फावर असेपर्यंत पकचा नाद सोड. पक हातात येण्यापूर्वी तो खांद्यावरून मागे किती वेळा पाहतो? आपला साथीदार अडचणीत आला की त्याला पास देता येईल अशा जागी हा जाऊन उभा राहतो का, की लांबून काठी आपटत राहतो? पक गमावल्यावर पहिल्या दोन-तीन पावलांत तो काय करतो? या खेळात शिफ्ट, म्हणजे बदली होईपर्यंत बर्फावर खेळण्याची एक पाळी, साधारण चाळीस-पन्नास सेकंदांची असते. पहिल्या वीस सेकंदांत सगळेच शूर असतात. दम लागल्यावर अखेरच्या दहा सेकंदांत मुलगा कोणता निर्णय घेतो, ते लिहून ठेव. तुझ्या सेंटरविषयी ‘हुशार’ हा एकच शब्द आहे. तो हुशार कशावरून, हे मला अहवाल वाचून कळले नाही, आणि तुझ्या वरिष्ठांनाही कळणार नाही.

स्केटिंगबद्दल तू विचारले आहेस. वाकण्याची ढब, गुडघ्यांचा कोन, पावलाची लांबी या गोष्टी चांगला शिक्षक पुष्कळ सुधारू शकतो. खेळाचा अंदाज सोळाव्या वर्षानंतर फारच सावकाश सुधारतो असा माझा अनुभव आहे, पण तो मातीवरचा आहे. तेव्हा याबाबत तिथल्या अनुभवी कोचचे ऐक.

मातीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तांबड्या मातीत वाढलेल्या या पैलवानाला मॅटचा आणि तिथल्या नियमांचा सराव नव्हता. केवळ तो निकाल पाहून कोणी त्यांची किंमत केली असती, तर चार वर्षांनी हेलसिंकीत याच माणसाने स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले, याचा उलगडा त्याला झाला नसता. तुमच्याकडेही पृष्ठभागाचा असा फरक आहे : उत्तर अमेरिकेतले व्यावसायिक रिंक, म्हणजे बर्फाची मैदाने, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, तर युरोपातले पारंपरिक रिंक त्याहून सुमारे तेरा फूट जास्त रुंद. मोकळ्या जागेत नक्षीकाम करणारा मुलगा अरुंद रिंकवर कडेच्या फळीला चेपला जाऊ शकतो आणि रुंद रिंकवर संथ वाटलेला अरुंद रिंकवर कामाचा ठरू शकतो. परदेशातून आलेल्या मुलाविषयी लिहिताना त्याला कोणत्या रिंकवर पाहिले, याची एक ओळ जरूर असू दे.

गोल आणि पासचे आकडे टाकाऊ नाहीत, मात्र ते सोलून पाहावेत. समोरचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना केलेले गोल किती आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच जण असताना केलेले किती? शेजारी कोण खेळत होते? रेवड्यांवरच्या कुस्त्यांत वीस पोरे पाडणारा कुंडलच्या मैदानात पहिल्या मिनिटाला पडलेला मी पाहिला आहे.

मोठमोठ्या पारख्यांचीही फजिती होते, हे तुला ठाऊक असलेले बरे. त्याने धीर येतो. १९९३ च्या ड्राफ्टमध्ये ओटावाच्या संघाने पहिल्या क्रमांकावर अलेक्झांडर डेगला घेतले आणि दुसऱ्या क्रमांकावर ख्रिस प्राँगर गेला. प्राँगर २००० मध्ये साऱ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डेगकडून केलेली अपेक्षा कधीच पुरी झाली नाही. डेट्रॉइटने १९९८ मध्ये पावेल दात्सुकला १७१ व्या आणि १९९९ मध्ये हेन्रिक झेटरबर्गला २१० व्या क्रमांकावर उचलले आणि २००८ चा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, या दोघांच्या बळावर जिंकला. डेट्रॉइटच्या माणसांना दिव्यदृष्टी होती असे मात्र समजू नकोस. खात्री असती, तर त्यांनी स्वतःच एवढा वेळ वाट कशाला पाहिली असती? दात्सुक अंगाने लहान आणि रशियात दूर खेळणारा. त्याला पाहायलाच फार थोडे लोक गेले होते. इतर जात नाहीत तिथे जाण्याची तयारी, एवढाच त्यातला घेण्यासारखा भाग.

मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते स्वीडनच्या जुळ्या लुंडक्विस्ट भावांनी. एकच घर, एकच जन्मदिवस. २००० च्या ड्राफ्टमध्ये फॉरवर्ड योएल ६८ वा गेला आणि गोलरक्षक हेन्रिक २०५ वा. पुढे न्यूयॉर्कच्या गोलमध्ये उभे राहून हेन्रिकने एनएचएलचे ४५९ सामने जिंकले. गोलरक्षक उशिरा पिकतो. त्याचे बरेच काम मन स्थिर ठेवण्याचे असते आणि ती स्थिरता अठराव्या वर्षी कोणाला दिसणार? गोलरक्षकाविषयी मत देण्याची तुझ्यावर वेळ आली, तर गोल खाल्ल्यानंतरची पुढची दोन मिनिटे पाहा आणि निकाल शक्य तितका पुढे ढकल.

याचा अर्थ लहानपणी दिसलेले सगळेच फसवे असते असाही नव्हे. आपल्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात होती. स्वतःपेक्षा सहा-आठ वर्षांनी मोठ्या मुलींत जी टिकते, तिच्याबाबत शरीराच्या वाढीची शंका घ्यायला जागाच राहत नाही, उलट ती शंका तिच्या बाजूने सुटते. दुसऱ्या टोकाला माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. ती आधी खो-खो खेळली, मग लांब पल्ल्याच्या शर्यतींत आणि मॅरेथॉनमध्ये धावली, विशी उलटल्यावर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे, वळली आणि २०१६ मध्ये रिओच्या अंतिम शर्यतीत उतरली. तिला शाळेत पाहणाऱ्याने ‘धावते चांगली, चिवट आहे’ एवढेच लिहिले असते तरी ते पुरेसे खरे ठरले असते. कोणता खेळ, ते त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते.

अहवाल लिहिताना वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढ. डावीकडे जे दिसले ते, उजवीकडे जे वाटले ते. तुझ्या दोन्ही अहवालांत उजवी बाजू डावीकडे येऊन बसली आहे. एका सामन्यावर मत बनवू नकोस. घरच्या रिंकवर, बाहेरच्या रिंकवर आणि स्वतःपेक्षा सरस संघापुढे, असे निदान तीनदा त्याला पाहा, आणि दुसऱ्यांदा जाण्यापूर्वी पहिले टिपण वाचू नकोस, नाहीतर तेच पुन्हा दिसेल. तीन वर्षांनी जुन्या वह्या काढून स्वतःचेच गुण तपास. मी हे फार उशिरा सुरू केले आणि पहिली वही उघडली तेव्हा लाज वाटली, कारण उंच मुलांना मी सरसकट एक पायरी वर बसवले होते.

आणखी एक. मुलाच्या आई-वडिलांनी गाठून विचारले, तर ‘याचे काही खरे नाही’ असे कधी बोलू नकोस आणि ‘हा नक्की जाणार’ असेही नाही. काय पाहिले तेवढे सांग. त्या काटकुळ्या मुलाच्या वडिलांना मी जे वाक्य बोललो होतो, ते त्यांनी पुढे पंधरा वर्षे लक्षात ठेवले आणि तासगावच्या स्टँडवर भेटले तेव्हा जसेच्या तसे मला ऐकवले.

त्या सेंटरला या महिन्यात आणखी दोनदा पाहून ये. जन्मतारीख, वर्षभरात वाढलेली उंची आणि तिसऱ्या सत्रातल्या प्रत्येक शिफ्टमध्ये त्याने किती वेळा मागे वळून पाहिले, एवढे मोजून कळव. बचावपटूचा अहवाल मी तूर्त बाजूला ठेवला आहे. त्याच्या बुटांचा नंबर कळला की त्यावर लिहीन. थंडीत कान झाकत जा.

तुझा,
सर