बीटल्सचा संपूर्ण सीडी संच घेण्याजोगा आहे का?
कोल्हापुरात राहून इंग्लंडच्या बीटल्स या रॉक बँडचा २००९ सालचा सीडी संच मागवावा का, असा आपला प्रश्न आहे. घरात चालू सीडी प्लेअर नसेल, तर हा विचार सोडून द्यावा. गाणी मोबाइलवर आहेतच. प्लेअर असेल, तर मात्र स्टिरिओ संचाऐवजी (डाव्या-उजव्या स्पीकरमधून वेगवेगळा आवाज) मोनो संच (दोन्हीकडे एकच आवाज) पाहावा, कारण १९६८ पर्यंत बँड स्वतः लक्ष घालत असे ते प्रामुख्याने मोनो मिक्सिंगमध्ये (ध्वनिमुद्रित आवाज एकत्र जुळवण्याच्या कामात), आणि स्टिरिओचे काम पुष्कळदा मागाहून, त्यांच्या गैरहजेरीत उरकले जाई. फरक कानाला लगेच जाणवतो: ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये किंचित जलद आणि वरच्या पट्टीत वाजते, तर ‘हेल्टर स्केल्टर’च्या अखेरीस बोटांना फोड आल्याची ड्रमर रिंगो स्टारची आरोळी (माझ्या मते गाण्याची खरी गंमत) मोनोत ऐकूच येत नाही. शिवाय ‘अ‍ॅबी रोड’ आणि ‘लेट इट बी’ मोनो संचात नाहीत, त्यामुळे ते अल्बम वेगळे घ्यावे लागतील. परदेशातून मागवल्यास सीमाशुल्क धरूनच हिशेब करावा. सीडींची कागदी कव्हरे आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून संच पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवू नये.