बेसबॉलमध्ये आधी खेळाडू आणि मग मॅनेजर (म्हणजे टीमचा मुख्य कोच) असं सुरुवातीच्या काळात कोण होतं?

माझं उत्तर हॅरी राईट. आणि गंमत म्हणजे हा माणूस मुळात क्रिकेटवाला, १८३५ मध्ये इंग्लंडात शेफील्डला जन्म, वडील प्रोफेशनल क्रिकेटर, लहानपणीच अमेरिकेत आला, न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबकडून क्रिकेट खेळला आणि मग बेसबॉलकडे वळला. १८६९ ला सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज ही उघडपणे सगळ्यांना पगार देणारी पहिली टीम त्यानेच उभी केली, स्वतः सेंटर फील्डला (मैदानाच्या मागच्या भागात मधोमध) खेळायचा आणि मॅनेजरही तोच, त्या वर्षी ते एकही मॅच हरले नाहीत! पुढे बॉस्टनला १८७२ ते ७५ सलग चार चॅम्पियनशिप. मला सगळ्यात भारी वाटतं ते १८७४ चं, दोन अमेरिकन टीम घेऊन इंग्लंडला गेला आणि तिथे बेसबॉलसोबत क्रिकेटही खेळले. कारकिर्दीची शेवटची दहा वर्षं फिलाडेल्फियाच्या टीमचा मॅनेजर होता, १८९५ ला वारला, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या सन्मान यादीत) मात्र नाव लागलं थेट १९५३ ला, फारच उशीर केला राव.