‘डेप्रिकेटेड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीतल्या जेलविषयीच्या (जेल म्हणजे एकाच संगणकावर वेगळा ठेवलेला, बंदिस्त कप्पा) मार्गदर्शिकेचा अनुवाद करताना जुन्या, ‘डेप्रिकेटेड’ कॉन्फिगरेशन पद्धतीला ‘कालबाह्य’ म्हटले. ते वाचून एकाने आरसी डॉट कॉन्फ या प्रणालीच्या सेटिंगांच्या फाइलमधल्या त्या पद्धतीच्या ओळी तिथल्या तिथे खोडल्या आणि रीबूटनंतर त्याची जेल सुरूच झाली नाही. शब्द चुकला का?

माझ्या मते चुकला. वाचकाने अर्थ बरोबरच घेतला. ‘कालबाह्य’ म्हटले की निकाल लागलेला असतो, त्या वस्तूचे काम संपलेले असते. ‘डेप्रिकेटेड’चे म्हणणे वेगळे आहे: अजून चालते, पण नव्याने वापरू नका, पुढेमागे काढून टाकू. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘टळावे म्हणून प्रार्थना करणे’. त्यावरून इंग्रजीत नापसंतीचा अर्थ आला.

‘अप्रचलित’ही चालणार नाही. जेल डॉट कॉन्फ ही जेलच्या सेटिंगांसाठीची वेगळी फाइल फ्रीबीएसडी ९.१ मध्ये, २०१२ साली आली. त्याआधी ‘जेल’, त्या जेलचे नाव आणि गुणधर्म अंडरस्कोरने जोडून केलेली व्हेरिएबल्स आरसी डॉट कॉन्फमध्ये लिहायची रीत होती: मूळ डिरेक्टरीसाठी एक ओळ, होस्टनेमसाठी दुसरी, आयपी पत्त्यासाठी तिसरी. नवी फाइल आली तेव्हा हीच रीत सर्वांत प्रचलित होती! ‘मोडीत काढलेली’ तर त्याहून पुढचे; मोडीत गेलेले भांडे पुन्हा चुलीवर चढत नाही.

मला ‘मावळती’ हा शब्द सुचवावासा वाटतो. ‘मावळते अध्यक्ष’ आपण रोज म्हणतो. त्यांची सही अजून चालते, पण पुढचा अध्यक्ष ठरलेला असतो. नेमकी हीच अवस्था सांगायची आहे. शिवाय एकाच क्रियापदातून दोन्ही टप्पे मिळतात: ‘मावळती’ म्हणजे अजून चालणारी, ‘मावळलेली’ म्हणजे काढून टाकलेली. लिनक्सवर जेलसारखेच कप्पे चालवणाऱ्या एलएक्ससीमध्ये हे स्वच्छ दिसते. २.१ आवृत्तीत, २०१७ साली, ‘एलएक्ससी डॉट यूटीएसनेम’ या किल्लीची (म्हणजे सेटिंगच्या नावाची) जागा ‘एलएक्ससी डॉट यूटीएस डॉट नेम’ने घेतली, पण जुनी किल्लीही चालत राहिली आणि जुन्या फाइली बदलून देणारे साधनही सोबत दिले गेले. तेव्हा ती मावळती होती. २०१८ च्या ३.० मध्ये जुन्या किल्ल्या काढूनच टाकल्या, म्हणजे मावळल्या.

तुमच्या बाबतीत मूळ इंग्रजीनेही घोळ घातला आहे. जुनी व्हेरिएबल्स सापडली की फ्रीबीएसडीची जेल सुरू करणारी स्क्रिप्ट त्यांना ‘ऑब्सोलीट’ म्हणते आणि जेल डॉट कॉन्फकडे वळण्याचा विचार करा असे सुचवते. कोशात पाहिले तर ‘ऑब्सोलीट’ म्हणजे कालबाह्यच. पण तीच स्क्रिप्ट त्या व्हेरिएबल्सवरून व्हार-रन या डिरेक्टरीत त्या जेलपुरती तात्पुरती कॉन्फिगरेशन फाइल तयार करते आणि जेल सुरू करते. अशा ठिकाणी मूळ शब्दापेक्षा प्रणालीच्या वागण्यावर भरवसा ठेवून अनुवाद करावा.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागेल. ‘मावळती’ या अर्थाने अजून रुळलेला नाही, म्हणून पहिल्या वापरात खुलासा हवा. मी असे लिहीन: ‘ही पद्धत मावळती आहे, सध्या चालते, पण नव्या जेलसाठी वापरू नका. जुन्या ओळी जेल डॉट कॉन्फमध्ये उतरवून, जेल सुरू होते हे पाहून मगच खोडा.’